मुलांच्या गाण्याखाली सही कोणाची?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : ‘ज्युनियर युरोव्हिजन’ स्पर्धेवरील पुरवणीतील लेखाबाबत

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातील ‘ज्युनियर युरोव्हिजन’ या मुलांच्या गायन स्पर्धेवर सविस्तर लेख आला, त्याबद्दल प्रथम आपले आभार मानते. परदेशातील मुलांच्या संगीताला मराठी वृत्तपत्रात इतकी जागा क्वचितच मिळते. लेखिकेने स्पर्धेची भव्यता, तिचे दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपण आणि निरनिराळ्या देशांची मुले एकमेकांच्या गाण्यांवर ताल धरतात ते दृश्य मनापासून रंगवले आहे. माझी हरकत एकाच वाक्याला आहे. ‘येथे प्रत्येक मूल स्वतःचे गाणे घेऊन रंगमंचावर येते’ असे लेखात म्हटले आहे. ‘स्वतःचे’ याचा अर्थ ‘नवे, आधी प्रसिद्ध न झालेले’ एवढाच घेतला तर वाक्य चुकीचे ठरत नाही. परंतु वाचणारा तो अर्थ घेणार नाही, गाणे त्या मुलानेच रचले आहे असेच तो समजेल. हा समज २००७ सालापर्यंतच्या स्पर्धेला लागू पडतो. २००८ पासून नियमानेच तो लागू पडत नाही, आणि माझ्या मते या स्पर्धेच्या आजवरच्या वाटचालीत त्या बदलाइतकी महत्त्वाची दुसरी गोष्ट घडलेली नाही. मी बरीच वर्षे लहान मुलांना गाणे शिकवत आले आहे. या प्रश्नाकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही, हे आधीच कबूल करून ठेवते.

स्पर्धेचा उगम डेन्मार्कमध्ये आहे. तेथील ‘डीआर’ या सार्वजनिक वाहिनीने २००० साली मुलांची गाण्यांची स्पर्धा सुरू केली, २००२ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी मिळून तिचे एक संयुक्त रूप घडवले, आणि तो प्रयोग पाहून युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे मोठ्यांची युरोव्हिजन ही देशादेशांतली गाण्यांची स्पर्धा भरवणारी वाहिन्यांची संघटना, मुलांच्या स्पर्धेसाठी पुढे आली. १५ नोव्हेंबर २००३ रोजी कोपनहेगनमध्ये पहिली ज्युनियर युरोव्हिजन झाली. सोळा देश उतरले होते. स्पर्धकांचे वय आठ ते पंधरा असावे, गाणे आपल्या देशाच्या भाषेत असावे, गायक-गायिकेचे संगीत आधी बाजारात आलेले नसावे, आणि गाणे मुलांनीच लिहिलेले व स्वरबद्ध केलेले असावे, अशा अटी होत्या. या अटी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की योजकांच्या मनात काय होते ते ध्यानात येते. मुलांमधले निष्णात गायक शोधून काढण्याची ती खटपट नव्हती. गाणे करणारे मूल लोकांसमोर यावे, त्याचे गाणे जसे असेल तसे यावे, अशी ती कल्पना होती.

ती स्पर्धा क्रोएशियाच्या डिनो येलुसिच या अकरा वर्षांच्या मुलाने जिंकली, आणि त्याने गायलेले गाणे त्याचेच होते. गाण्याच्या नावाचा अर्थ ‘तू माझे पहिले प्रेम’ असा आहे. अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्या प्रेमातले काय कळते, असे कोणी विचारेल, आणि विचारणे रास्तही आहे. पण एखाद्या मोठ्या गीतकाराला अकरा वर्षांच्या मुलासाठी गाणे लिहायला सांगितले असते, तर त्याने हा विषय घेतला असता का? बहुधा नसता. त्याने मैत्री घेतली असती, आई घेतली असती, पृथ्वी वाचवण्याचा संदेश घेतला असता. मुलाने मात्र त्याला त्या क्षणी मोठे वाटत होते ते घेतले. हाच मुलगा पुढे रॉक संगीतात गेला आणि ‘व्हाइटस्नेक’ या नामांकित बँडपर्यंत पोहोचला. त्याचे पुढचे यश हे काही माझ्या म्हणण्याचा पुरावा नव्हे. पण वयाच्या अकराव्या वर्षी तो केवळ गाणारा नव्हता, गाणे करणारा होता, एवढे त्यावरून आठवावे.

दुसरी स्पर्धा आधी मँचेस्टरला व्हायची होती, मग झाग्रेबला, आणि शेवटी २००४ मध्ये ती नॉर्वेतील लिलेहॅमर येथे झाली. तेथे स्पेनची नऊ वर्षांची मारिया इसाबेल जिंकली. तिच्या गाण्याचे नाव मराठीत आणायचे तर ‘साधी राहण्यापेक्षा मेलेली बरी’ असे काहीसे होईल. नटण्याची हौस असलेल्या मुलीचे ते खट्याळ, ठसकेबाज गाणे आहे, त्यात दक्षिण स्पेनमधील अँडलुसियाच्या लोकसंगीताचा बाज आहे, आणि स्पेनमध्ये ते घरोघरी पोहोचले. नऊ वर्षांच्या मुलीने पावडर-लिपस्टिकच्या गोष्टी करणे मला फारसे रुचत नाही, आणि हे गाणे माझ्या विद्यार्थिनींना मी शिकवले नसते. तरीही ते ऐकताना एक गोष्ट नाकारता येत नाही : आरशासमोर उभ्या राहिलेल्या मुलीची ती ऐट खरी आहे, कोणी शिकवून आलेली वाटत नाही. त्या काळातही पडद्यामागे आईवडील, शिक्षक, वाहिनीचे संगीतकार यांनी हात लावलाच नसेल असे मी म्हणणार नाही. अकरा वर्षांच्या मुलाची चाल वाद्यवृंदावर चढवायला मोठी माणसे लागतातच. पण नियम असा होता की सही मुलाची असली पाहिजे, आणि नियमाचा वचक म्हणून का होईना, मोठ्यांना आपला हात आखडता घ्यावा लागत होता.

हा वचक दोन पावलांत गेला. २००७ मध्ये आधी संगीत प्रसिद्ध केलेल्या मुलांना उतरण्यास असलेली बंदी उठली, आणि २००८ मध्ये गाणे लिहिण्यात व स्वरबद्ध करण्यात मोठ्यांना भाग घेण्याची मुभा मिळाली. कागदावर हे दोन लहान फेरफार दिसतात. प्रत्यक्षात स्पर्धेत येणारे मूल बदलले आणि त्याच्या हातातले गाणेही बदलले.

लगेच काही अनर्थ झाला असे मात्र नाही, आणि येथे मला माझ्याच तक्रारीविरुद्ध एक दाखला द्यावा लागतो. मुभा मिळाल्याच्या पहिल्याच वर्षी, सायप्रसमधील लिमासोल येथे, जॉर्जियाचे तिघेजण मधमाश्यांच्या पोशाखात आले आणि मधमाश्यांच्या गुणगुणण्यासारख्या एका कल्पित भाषेत गाऊन जिंकून गेले. गाण्याला एकाही देशाची भाषा नव्हती, अर्थ नव्हता, आणि ते पाहताना हसू आवरत नाही. त्यात मोठ्यांचा हात होता की नव्हता याची चौकशी करावीशीही वाटत नाही, कारण जे दिसते तो निखळ पोरखेळ आहे, आणि पोरखेळ हा शब्द मी येथे कौतुकाने वापरते आहे.

परंतु पुढच्या दशकाकडे पाहिले की चित्र निराळे दिसते. पोलंड हा देश पहिल्या दोन स्पर्धांत होता. पहिल्याच वर्षी त्याची गायिका ३ गुण मिळवून शेवटची आली होती. २००४ नंतर पोलंड बाहेर पडला, २०१६ मध्ये परत आला, आणि २०१८ व २०१९ ही दोन्ही वर्षे त्याने सलग जिंकली, पैकी दुसरा विजय तर स्वतःच्याच भूमीवर, ग्लिविचे शहरात. मधल्या काळात बदलले काय? २०१८ ची विजेती रोक्साना व्हेंगिएल त्याच वर्षी पोलंडमधील ‘द व्हॉइस किड्स’ ही दूरचित्रवाणीवरची स्पर्धा जिंकून आलेली होती. २०१९ ची विजेती व्हिकी गाबोर हीदेखील त्याच कार्यक्रमातून पुढे आलेली. दोघींच्याही गाण्यांच्या रचनाकारांत पोलंडची लोकप्रिय गायिका-गीतकार लॅनबेरी हिचे नाव आहे. मग पुढच्या वर्षी फ्रान्सची व्हॅलेंटिना जिंकली. ती ‘किड्स युनायटेड’ या व्यावसायिक बालगटाच्या नव्या फळीत आधीपासून गात होती, आणि तिच्या गाण्याच्या रचनेत बार्बरा प्रावी ही फ्रेंच गायिका सहभागी होती. २०२२ मध्ये आर्मेनियातील येरेवानला फ्रान्सचाच लिसांद्रो जिंकला, त्याच्या गाण्यातही बार्बरा प्रावीचा वाटा होता. म्हणजे २०१८ ते २०२२ या पाच वर्षांतील चार विजेतेपदांच्या गाण्यांमागे दोन व्यावसायिक गीतकार स्त्रिया आहेत. याच बार्बरा प्रावी २०२१ मध्ये मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये फ्रान्सकडून स्वतः गायल्या आणि दुसऱ्या आल्या. मी त्यांचे ते गाणे वारंवार ऐकते. त्यांच्या लेखणीविषयी मला आदरच आहे. पण मुलांच्या स्पर्धेत एक मोठी कलावंत दोन वेळा जिंकते आणि पारितोषिक दोन वेगवेगळ्या मुलांच्या हातात जाते, हे मला विचित्र वाटते.

याचा परिणाम गाण्यांच्या विषयांवर किती झाला आहे ते तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे विजयी गाण्यांची नावे वाचणे. २०१० मध्ये आर्मेनियाचा विजय ‘मामा’ नावाच्या गाण्याने झाला. २०२२ मध्ये फ्रान्सच्या गाण्याचे नाव ‘ओ मामाँ’. २०२४ मध्ये माद्रिदला जॉर्जियाने आपले चौथे विजेतेपद मिळवले, त्या गाण्याचे नाव ‘टू माय मॉम’, म्हणजे ‘माझ्या आईला’. तिन्ही गाणी मुभा मिळाल्यानंतरची आहेत. मी हे गमतीने मोजत गेले आणि मग मला गंमत वाटेनाशी झाली. मुले आईवर गाणी रचत नाहीत असे नाही, रचतात. पण शिकवताना माझ्या पाहण्यात जी गाणी आली त्यांत आईवरची फार थोडी होती, आणि जी होती ती बहुतेक शाळेच्या कार्यक्रमासाठी कोणीतरी सांगून करवून घेतलेली होती. आपणहून गाणे करणारे मूल मांजर, दात पडणे, भावाशी भांडण, अभ्यासाचा कंटाळा, न मिळालेली एखादी वस्तू अशा विषयांकडे जाते. मुलांनी आई, शांती आणि स्वप्ने यांवर गावे अशी मोठ्यांची इच्छा असते, आणि ज्युरीत बसलेल्या व घरी मतदान करणाऱ्या मोठ्यांनाही तेच ऐकायला आवडते. या वर्तुळात मूल कोठे आहे, असा प्रश्न मला पडतो.

आता एक आक्षेप मी स्वतःच घेते, कारण संगीतातले वाचक तो घेणारच. आपल्याकडे शिष्य गुरूने दिलेली बंदिश गातो, ती त्याने रचलेली असावी अशी अपेक्षा कोणी करत नाही, आणि तरीही त्याच्या गाण्याचे मोल कमी होत नाही. मग युरोपातील मुलांनीच स्वतः रचावे असा हट्ट का? आक्षेप वजनदार आहे. पण बंदिश गाणारा मुलगा ती आपली आहे असे सांगत नाही. ती कोणाची, कोणत्या घराण्याची, हे सांगणे हा तर सभ्यतेचा भाग मानला जातो. शिवाय बंदिश ही शिकण्यासाठी दिलेली असते, तिच्यात रागाचे चलन भरलेले असते, आणि ती घोटून घोटून शिष्याला पुढे आपले काही करायचे असते. स्पर्धेसाठी एका ऋतूपुरते लिहून घेतलेले तीन मिनिटांचे गाणे यापैकी कशातही बसत नाही. ते त्या मुलाच्या आवाजाला, वयाला, चेहऱ्याला साजेसे शिवलेले कापड असते, आणि मापाने शिवलेले असल्यामुळेच पाहणाऱ्याला ते त्या मुलाचे स्वतःचे वाटते.

मी एवढे ठामपणे लिहिते त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. माझ्या वर्गातील दहा वर्षांच्या एका मुलीने एकदा गाणे करून आणले. शाळेच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा कधीच मिळत नाही, हा त्याचा विषय. चार ओळी होत्या, तिसरी ओळ दोन मात्रांनी लांब जात होती, शेवट कोठेही समेवर येत नव्हता, आणि ‘खिडकी’ला यमक म्हणून तिने ‘चिडकी’ हा शब्द मागच्या बाकावरच्या मुलीसाठी योजला होता. मला गाणे फार आवडले. आवडले म्हणून मी ते सुधारले. दादऱ्यात बसवले, तिसरी ओळ छाटली, ‘चिडकी’ काढून टाकली आणि खिडकीबाहेरच्या आभाळाचे एक कडवे स्वतः लिहून जोडले. वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात तिने ते गायले आणि टाळ्या पडल्या. काही आठवड्यांनी मी तिला नवे गाणे आणायला सांगितले तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, ‘‘बाई, पुढचं तुम्हीच करा ना, माझं कुठे तितकं चांगलं होतं?’’ तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, आणि त्यामुळेच ते मला अधिक लागले. त्यानंतर ती आणखी तीन वर्षे माझ्याकडे शिकली. गळा सुरेख तयार झाला. गाणे मात्र तिने पुन्हा आणले नाही. मी एका वर्गात, एका मुलीच्या बाबतीत जे केले ते वाहिन्या, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि व्यावसायिक गीतकार मिळून करतात तेव्हा त्याचे माप किती होत असेल, याचा अंदाज मला त्या अनुभवावरून येतो.

आयोजकांवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही नोंदवते. या स्पर्धेत मुलांची काळजी घेतली जात नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २००५ पासून अनेक वर्षे प्रत्येक देशाच्या खात्यावर सुरुवातीलाच १२ गुण टाकले जात, म्हणजे फलकावर कोणाही मुलासमोर शून्य राहू नये. वयाची खालची मर्यादा २००७ मध्ये आठवरून दहावर नेली गेली, आणि २०१६ मध्ये ती नऊ ते चौदा अशी ठरली. त्याच वर्षी प्रक्षेपण शनिवारच्या रात्रीवरून रविवारच्या दुपारी आणले गेले आणि त्यानंतर बरीच वर्षे ते तसेच राहिले. ज्यांच्यासाठी स्पर्धा भरवायची ती मुले झोपेला आलेली असताना ती दाखवण्यात काही अर्थ नव्हता. ज्युरीत मुलांना स्थान मिळाले. जिंकणाऱ्या देशावर पुढच्या वर्षीच्या यजमानपदाचे ओझे मोठ्यांच्या स्पर्धेप्रमाणे आपोआप पडत नाही. हे सगळे चांगले आहे, आणि आपल्या लेखात यातील काही आले असते तर बरे झाले असते. पण या सर्व तरतुदी मुलाच्या मनाला धक्का लागू नये यासाठी आहेत. त्याच्या हातून लेखणी सुटू नये यासाठीची जी एकमेव तरतूद होती, तीच काढून घेतली गेली.

येथे डेन्मार्क आणि नॉर्वे यांचा उल्लेख करायला हवा, कारण स्पर्धेचे हे दोन जन्मदाते देश २००५ नंतर तिच्यातून बाहेर पडले. मुलांना ज्या तऱ्हेने चुरशीत ओढले जात होते ते त्यांच्या वाहिन्यांना पटले नाही, आणि त्यांनी २००६ मध्ये आपली जुनी नॉर्डिक स्पर्धा काही वर्षांसाठी पुन्हा सुरू केली. नॉर्वेत २००२ पासून ‘एमजीपी ज्युनियर’ ही देशांतर्गत स्पर्धा चालत आली आहे आणि तिचा कणा अजूनही तोच आहे : मुले आपण केलेली गाणी गातात. ती गाणी मोठ्यांच्या कानाला पुष्कळदा ओबडधोबड लागतात. पण ज्यांना ही कल्पना प्रथम सुचली त्यांनी आपल्या घरात ती टिकवून धरली आहे, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

मुलांनीच लिहावे असा नियम आजच्या काळात पाळला जाणे शक्य नाही, असे काही जण म्हणतात. त्यांना मी भाषेच्या नियमाकडे बोट दाखवीन. अलीकडच्या नियमाप्रमाणे गाण्याचा किमान ६० टक्के भाग त्या देशाच्या भाषेत असावा लागतो, इंग्रजीला उरलेल्या ४० टक्क्यांतच जागा आहे. मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये १९९९ पासून भाषेचे बंधन नाही आणि तेथे इंग्रजीचा पूर आला आहे. मुलांच्या स्पर्धेत मात्र जॉर्जियन, आर्मेनियन, पोलिश यांसारख्या भाषा दरवर्षी कानावर पडतात. आयर्लंडकडून ‘टीजी४’ ही आयरिश भाषेची वाहिनी मुले पाठवते आणि ती आयरिशमध्ये गातात. वेल्सने २०१८ व २०१९ मध्ये ‘एस४सी’ या वेल्श वाहिनीच्या वतीने भाग घेतला आणि दोन्ही वर्षी गाणे वेल्शमध्ये झाले. ज्या भाषांना स्वतःच्या भूमीवरही इंग्रजीपुढे जागा मागावी लागते, त्या भाषांत मुले साऱ्या युरोपसमोर गातात. आपल्या लेखात याचा उल्लेखही नाही. मराठी वाचकाला या एका गोष्टीने सर्वांत अधिक आपलेपणा वाटला असता. मुद्दा असा की, नियम केला आणि त्याला टक्क्यांचे माप दिले, तर वाहिन्या तो पाळतात. भाषेला माप लावता येते, तर रचनेला का लावता येऊ नये? वाद्यमेळ, ध्वनिमुद्रण, चालीची डागडुजी मोठ्यांनी करावी. पण शब्दांचा ठरावीक भाग गाणाऱ्या मुलाचा किंवा त्याच्या वयाच्या कोणाचा असलाच पाहिजे, इतकी अट पुन्हा आणणे अशक्य नाही.

अशा अटीत पळवाटा निघतील. बाप लिहील आणि मुलाचे नाव लावील. हे होईल, कदाचित पुष्कळ होईल. पण खोटे नाव लावावे लागणे आणि कोणाचेही नाव विचारले न जाणे यांत मला फरक दिसतो.

याहून अवघड प्रश्न निराळाच आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. दुसऱ्याचे गाणे गाऊन हरलेले मूल म्हणू शकते की गाणे चांगले नव्हते. स्वतःचे गाणे गाऊन हरलेल्या मुलाला ही पळवाट उरत नाही. २००३ मध्ये ३ गुणांवर शेवटी राहिलेल्या त्या पोलिश मुलीला त्या रात्री काय वाटले असेल, याचा विचार मी करते तेव्हा मोठ्यांच्या गाण्यांचा एक आडोसा म्हणून उपयोग होत असेल, हे मला मान्य करावे लागते. लेखणी मुलाच्या हातात द्यायची असेल तर गुणफलकाची धारही कमी करावी लागेल. पहिला कोण ते सांगावे आणि बाकीच्यांचे क्रमांक लावूच नयेत, असे मला वाटते. थेट प्रक्षेपणातील गुणांची चढाओढ हाच कार्यक्रमाचा अर्धा आकर्षणबिंदू असल्याने वाहिन्या हे मान्य करतील अशी आशा मला फारशी नाही. तरी निदान एक गोष्ट उद्या करता येण्यासारखी आहे. प्रत्येक गाण्याआधी त्या मुलाची ओळख करून देणारी छोटी चित्रफीत दाखवतात, तिला तेथे ‘पोस्टकार्ड’ म्हणतात. त्यात मुले डोंगर चढताना, नाचताना, हात हलवताना दिसतात. त्यातच या गाण्यातील कोणती ओळ या मुलाला सुचली, की एकही सुचली नाही, हे त्याच्याच तोंडून सांगू द्यावे.

युरोपच्या संघटनेला माझे पत्र पोहोचणार नाही, हे मी जाणून आहे. आपल्यापर्यंत ते पोहोचते, म्हणून विनंती आपल्यालाच करते. पुढच्या वर्षी या स्पर्धेच्या निकालाची बातमी छापताना विजेत्या मुलाच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, गाणे कोणी लिहिले आणि चाल कोणी दिली त्यांचीही नावे द्यावीत; आणि त्यांत त्या मुलाचे नाव असेल तर बातमीचा मथळा तोच करावा.

कळावे,
आपली,
एक संगीतशिक्षिका